माझा पाय कापणारा कथबर्ट

कथबर्ट हर्डमन याने माझा डावा पाय आठ वर्षं कापला. उन्हाळ्यात दिवसातून दोनदा, एरवी एकदा. सोमवारी जहाज बंद असायचं, म्हणून पायाला सोमवारची सुट्टी. माझ्या लग्नाच्या बायकोने माझ्याकडे बघितलं नसेल इतक्या जवळून त्याने माझ्या गुडघ्याकडे बघितलं आहे, आणि तरीही तो वाईट नट होता हे मी शपथेवर सांगेन.

जहाज म्हणजे आमची 'कॉन्स्टन्सी'. जुन्या गोदीत, जिथे पूर्वी कोळशाच्या बोटी लागायच्या आणि आता समुद्रपक्षी आणि पेन्शनर लागतात, तिथे ती तीन डोलकाठ्या उभारून दिमाखात उभी आहे. दोनशे वर्षांचं लाकडी लढाऊ जहाज, आता संग्रहालय. दोन्ही अंगांना तोफांच्या खिडक्या, काळा-पांढरा पट्टा, नाकाशी लाकडात कोरलेली सोनेरी बाई. लाकूड मलबारचा साग आणि बांधणी मुंबईची, म्हणून अजून तग धरून आहे. आमच्या इंग्लिश ओकची असती तर आजोबांच्या वेळीच तिची सरपणात रवानगी झाली असती. गावाला तिचा भारी अभिमान. असं जहाज दाराशी असलं की आपण सगळेच शूर होतो असं वाटायला लागतं. त्यामुळे एक गोष्ट आम्ही गाइड लोक प्रेक्षकांना आपण होऊन सांगत नसू. ती म्हणजे 'कॉन्स्टन्सी' एकही लढाई लढलेली नाही. तोफा उडाल्या त्या कुणा राजाच्या वाढदिवसाला. तिच्यावर एकाही खलाशाचा पाय कापल्याची नोंद नाही. ही उणीव भरून काढायला फिलिपाने मला नेमलं होतं.

फिलिपा आमची व्यवस्थापक. वयाने माझ्या मुलीएवढी, कॉलेजात नाटक शिकलेली. सगळ्यात तळाच्या अंधाऱ्या डेकवर, जिथे सरळ उभं राहिलं की कपाळ तुळईवर आपटतं, तिथे तिने 'जखमी खलाशी आणि जहाजाचा डॉक्टर' असा पाव तासाचा प्रयोग बसवला होता. जमिनीवर वाळू पसरायची, कंदील लावायचा. जखमी खलाशी, म्हणजे मी, अनवाणी, फाटक्या विजारीत, दोघांच्या खांद्यावरून ओरडत यायचा. टेबलाला एक खाच होती. खरा पाय त्या खाचेतून खाली सरकवायचा, वर खोटा पाय ठेवायचा, त्यावर कापड. डॉक्टर मांडीला पट्टा आवळायचा, करवत उचलायचा, आणि मी किंकाळी फोडायचो.

माझ्या किंकाळीबद्दल मी स्वतः बोलणं बरं दिसत नाही, पण दुसरं कोण बोलणार? ती मासळी बाजारापर्यंत ऐकू जायची. वर डेकवर बसलेले पक्षी उडायचे. एकदा एक म्हातारी मूर्च्छा येऊन पडली होती, आणि तो माझ्या आयुष्यातला सर्वोच्च क्षण होता. त्याआधी मी उभा जन्म बस चालवली. माझ्या पाठीमागे रोज बसभर माणसं बसायची, पण वळण छान घेतलं म्हणून एकाने कधी टाळी वाजवली नाही. निवृत्त झाल्यावर, डोक्यावर टक्कल आणि रक्तात साखर जमल्यावर, मला कळलं की देवाने मला नट म्हणून पाठवलं होतं आणि बस कंपनीने मध्येच पळवलं.

कथबर्ट मात्र खाटीक. आमच्या मोठ्या रस्त्यावर त्याचं दुकान होतं, आता त्याचा पुतण्या कॉलिन चालवतो. अवाढव्य माणूस, हात खोऱ्यासारखे, बोलणं नाहीच. त्याची बायको नोरा वारली तेव्हा तो दिवसभर गोदीच्या कठड्याशी येऊन बसायला लागला. आमच्या प्रयोगातला आधीचा डॉक्टर पहिल्याच महिन्यात गुडघेदुखीला कंटाळून स्पेनला राहायला गेला होता. मी कथबर्टला विचारलं, "काम करतोस का? पगार नाही, चहा फुकट."

"मला नाटक येत नाही," तो म्हणाला. मग पाण्याकडे बघत पुढे म्हणाला, "हाड येतं."

आणि खरोखरच त्याने प्रयोगात हाड आणलं. रोज सकाळी कॉलिनकडून बैलाच्या नळीचं ताजं हाड आणायचं, कापडाखाली दडवायचं आणि ते खऱ्या करवतीने कापायचं. तो आवाज ऐकून प्रेक्षकांचे दात शिवशिवायचे. पण वाक्यं! फिलिपाने त्याला मोजून चार-पाच वाक्यं दिली होती. शेवटचं वाक्य तिच्या फार आवडीचं होतं. खोटा पाय बादलीत पडला की डॉक्टरने माझ्या कपाळावर हात ठेवून म्हणायचं: "झालं, गड्या. पाय गेला, तू राहिलास." कथबर्ट ते वाक्य अशा सुरात म्हणायचा, की पुढे "आणि पाव किलो सॉसेज, आणखी काही?" असं येईल अशी भीती वाटायची. आठ वर्षांत एक शब्द इकडचा तिकडे केला नाही आणि एका शब्दात जीव ओतला नाही.

"अरे, जरा हळहळ तरी," मी म्हणायचो. "माणसाचा पाय गेलाय."

"परत लागतो की तुला," तो म्हणायचा आणि मला अर्धं सँडविच द्यायचा. रोज दुपारी आम्ही दोघं एका तोफेवर बसून वाटाण्याचं घट्ट वरण आणि हॅम घातलेलं सँडविच खायचो. तो ते बरोबर मधोमध कापायचा. माझ्या वाट्याचा गुलाबी आयसिंगचा केक मी त्याच्या पाठीआड खायचो, कारण ओलिव्हने, माझ्या बायकोने, त्याला माझ्यावर पहारेकरी नेमलं होतं.

साखरेमुळे माझे पाय बधिर होत चालले होते. क्लिनिकमधल्या नर्सने बजावलं होतं, "मिस्टर पॅटिसन, अनवाणी एक पाऊलही टाकायचं नाही. तुम्हाला लागलेलं कळणार नाही आणि पाय गमावून बसाल." ओलिव्ह शेजारी बसून मान हलवत होती. त्या दिवसापासून मी घरातल्या मऊ गालिच्यावर सपाता घालून फिरायला लागलो, आणि जहाजावर आलो की दोनशे वर्षांच्या लाकडावर अनवाणी. फिलिपाला सांगितलं असतं तर तिने मला तिकीट खिडकीत बसवलं असतं आणि तिकीट खिडकीतल्या डेरेकला टेबलावर झोपवलं असतं. डेरेकचा डोळा माझ्या भूमिकेवर होताच. तो खिडकीत बसून हळूच किंकाळ्यांचा सराव करायचा. मी ऐकलं आहे. मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखं ओरडायचा.

ऑगस्टमध्ये एका सकाळी अंघोळीनंतर पायपुसण्यावर रक्त दिसलं. टाच वळवून आरशात बघितली. एक काळं भोक, त्यात लाकडाची बारीकशी ढलपी. मी ती चिमट्याने काढली. दुखलं नाही, म्हणून मी खूश झालो. दुखत नाही म्हणजे काही नाही, असं समजण्याइतकी अक्कल माझ्याकडे होती. ओलिव्हला सांगितलं नाही. टाचेला एक मळकट चिंधी गुंडाळली आणि कामावर गेलो. फिलिपा चिंधी बघून म्हणाली, "वा, अर्नी! किती बारकाईने विचार करता हो तुम्ही!" मग मी ती चिंधी सोडतो कशाला?

आता गंमत ऐका. प्रयोगाच्या आधी मी प्रेक्षकांना छोटं भाषण द्यायचो. त्यातलं एक वाक्य मी खास आवाज खाली आणून म्हणायचो: "मंडळी, लाकडी जहाजावर तोफेच्या गोळ्यापेक्षा जास्त माणसं मेली ती लाकडाच्या ढलप्यांनी." हे वाक्य मी ढलपी लागलेल्या पायावर उभं राहून रोज म्हणत होतो आणि आपल्या आवाजावर खूश होत होतो.

आठवड्याभराने तळाच्या डेकवर वास यायला लागला.

"हाड शिळं आहे तुझं," मी कथबर्टला म्हणालो.

"सकाळचं आहे."

"कुठल्या सकाळचं? कॉलिन फसवतो तुला. म्हातारा काका दिसला की लोक जुना माल खपवतात."

कथबर्ट लाल झाला. त्याने हाड नाकाशी नेलं. दुसऱ्या दिवशी त्याने दुसरं हाड आणलं. वास होताच. मी नाकाला रुमाल लावून त्याची चेष्टा केली. त्या संध्याकाळी हा माणूस, ज्याने जन्मात आवाज चढवला नव्हता, दुकानात जाऊन भर गिऱ्हाइकांत कॉलिनवर ओरडला. पुतण्या बिचारा शीतकपाट उघडून दाखवत होता. मग कथबर्टने आपली हाडाची पेटी उकळत्या पाण्याने धुतली, टेबल व्हिनेगरने घासलं. वास होताच. माझा पाय सडत होता आणि मी एका खाटकाला मांसावरून बोलणी ऐकवत होतो. माझ्या मूर्खपणाला तोड नाही, आणि हे मी अभिमानाने सांगत नाही.

मग एक दिवस त्याने हाड आणलंच नाही. कापडाखाली झाडूचा दांडा ठेवून कापला. आवाज सुताराच्या दुकानासारखा आला, प्रयोग पडला, मी चिडलो. कथबर्ट टेबलाजवळ उभा राहून हवा हुंगत होता; हाड नव्हतं, पण वास होताच. दुपारी त्याने आपलं अर्धं सँडविच पक्ष्यांना टाकलं.

दुसऱ्या दिवशी डार्लिंग्टनहून विणकाम मंडळाच्या बायका आल्या. बसभर. तळाचा डेक गच्च भरला. त्या दिवशी माझं अंग गरम होतं, डोळ्यांपुढे कंदील हलत होता. मला वाटलं, आज अंगात कला संचारली आहे. मी असा विव्हळत आलो की पहिल्या रांगेतल्या बाईने विणकाम खाली ठेवलं.

कथबर्टने पट्टा आवळला नाही. तो टेबलाला वळसा घालून माझ्या पायाशी गेला, खाली बसला, आणि चिंधी सोडायला लागला.

"कथबर्ट," मी दातांतल्या दातांत म्हणालो, "हे नाटकात नाही."

त्याने कंदील जवळ घेतला. टाच बघितली. नंतर ओलिव्हने विचारलं तेव्हा तो म्हणाला, तेवढ्या वेळात त्याला नोराच्या शेवटच्या दिवसांतली खोली आठवली, तिथला तोच वास. मला फक्त एवढंच दिसलं की त्याने चिंधी हलक्या हाताने परत टाचेवर टाकली. तो उठला, तुळईवर कपाळ आपटलं, त्याकडे लक्षही न देता म्हणाला, "हा पाय मी कापणार नाही."

प्रेक्षकांत कुजबुज झाली. मी कुजबुजलो, "करवत घे, गाढवा. तुझं वाक्य 'पट्टा आवळा' आहे."

"फिलिपा!" तो ओरडला. "ॲम्ब्युलन्स बोलाव. खरी!"

"काप की रे!" मागून एक आजीबाई म्हणाल्या. "एवढ्या लांबून आलोय आम्ही!"

"हो, काप, काप!" सगळ्या विणकामवाल्या म्हणायला लागल्या. कुणीतरी सुयांनी ठेका धरला.

प्रयोग हातचा चालला होता. अशा वेळी खरा नट काय करतो? मी माझी किंकाळी फोडली, पूर्ण ताकदीने. टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या टाळ्यांत कथबर्टने मला टेबलावरून उचललं, कापलेला अर्धा बैल खांद्यावर टाकतात तसं टाकलं, आणि अरुंद शिडी चढायला लागला. मी पाठीवर उलटा लटकून प्रेक्षकांना हात हलवत होतो. त्या आजीबाई शेजारणीला म्हणाल्या, "शेवट नवा बसवलेला दिसतो. आवडला मला."

इस्पितळातली डॉक्टर बारीक चणीची, हसऱ्या चेहऱ्याची बाई होती, पण माझा पाय बघून हसली नाही. विष वर चढत होतं. गुडघ्याखालून कापावा लागेल, म्हणाली. आणखी दोन दिवस गेले असते तर पायाबद्दल बोलायची वेळच आली नसती. "कशाने झालं हे?"

"लाकडाची ढलपी," मी म्हणालो. आणि मग मला ते भाषणातलं वाक्य आठवलं. दोनशे वर्षांत 'कॉन्स्टन्सी'ने घेतलेला पहिला पाय माझा. लढाईत नाही, वाढदिवसाच्या तोफेने नाही, नाटकात.

ओलिव्ह माझ्यावर ओरडली नाही. तिने घरून माझ्या दोन्ही सपाता आणल्या होत्या. सवयीने आणल्या असणार. पिशवीतून काढताना तिच्या लक्षात आलं, आणि ती एक सपात हातात धरून रडायला लागली. "मला सांगायचंस तरी," एवढंच म्हणाली. मला फार लाज वाटली. आयुष्यात एवढी लाज मला कधी वाटली नव्हती, आणि मी तेव्हाही काहीतरी विनोद केला. काय केला ते आता आठवत नाही, बरंच आहे.

पाय गेला. तिथे मी एकदाही ओरडलो नाही. नर्सेस म्हणायच्या, किती शांत पेशंट. खरं म्हणजे मला ओरडताच येत नव्हतं. नसलेल्या पायाच्या अंगठ्याला खाज सुटायची, जळजळायचं, मी उशी चावायचो. घशातून आवाज निघायचा नाही. समोर प्रेक्षक नाहीत म्हणून असेल, असं मी स्वतःला सांगायचो.

कथबर्ट रोज भेटीच्या वेळेला यायचा. अर्धं सँडविच माझ्या टेबलावर ठेवायचा आणि पांघरुणाच्या सपाट भागाकडे बघत बसायचा.

"तू नसतास तर मी गेलो असतो रे," मी म्हणालो.

"आठवडाभर आधी वास आला मला," तो म्हणाला. "आठवडाभर. हाड-हाड करत बसलो. जन्मभर मांस हाताळलं, आणि मित्राचं कळलं नाही."

"मीच तर तुला हाडावरून झापत होतो."

"तू काय, तू नट आहेस," कथबर्ट म्हणाला. त्याच्या तोंडून हे मी पहिल्यांदा ऐकलं, आणि ते कौतुक नव्हतं. मग तो कॉलिनची माफी मागायला दुकानात गेला, असं ओलिव्हकडून कळलं. माझ्याकडे मात्र त्याला बघवेना. सँडविच ठेवून जायचा, नजर वर करायचा नाही. हिवाळ्यात मी घरी आलो तेव्हा सँडविच दारात ठेवून बेल न वाजवता परत जायला लागला. एवढ्या वर्षांचा मित्र असा दारातून निसटताना खिडकीतून बघून पायापेक्षा तेच जास्त दुखायला लागलं.

ईस्टरला जहाज पुन्हा उघडलं. तोपर्यंत मला लोखंड आणि प्लास्टिकचा नवा पाय मिळाला होता. फिलिपाचा निरोप आला: अर्नी, या, पहिला प्रयोग बघायला या, तुमच्यासाठी पुढची खुर्ची ठेवते. "जाऊ या," ओलिव्ह म्हणाली. "पण बूट घालून."

आठ वर्षं ज्या जहाजावर मी घरच्यासारखा चढलो, तिथे मी पाहुणा म्हणून गेलो. फळीवरून चढताना मागच्या माणसांची रांग लागली. शिडीवरून तर मी बसून, एकेका पायरीवर बूड टेकत उतरलो. अशी एन्ट्री मी कुठल्याही प्रयोगात घेतली नव्हती. तळाच्या डेकवर तोच कंदील, तीच वाळू. फक्त जखमी खलाशाच्या पायांत आता जाड मोजे होते, आणि मोज्यांत डेरेक होता. विव्हळत आला, बरा आला. त्याला माझ्यापेक्षा केस जास्त आहेत, एवढंच सांगतो.

कथबर्टने पट्टा आवळला. कापडाखाली हाड सरकवलं. करवत उचलली. आणि उचलता उचलता त्याची नजर पहिल्या रांगेत गेली. नवा पाय बांधला की माझा गुडघा नीट दुमडत नाही, म्हणून तो पाय सरळ वाळूत पुढे आलेला होता.

करवत तिथेच थांबली.

"कापा," डेरेक कुजबुजला. कथबर्ट हलेना. बाहेरून पाणी फळ्यांवर आपटत होतं, तेवढंच ऐकू येत होतं. कथबर्टचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला वाटलं, वाक्य विसरला बिचारा. सांभाळून घ्यायला हवं. एक बारीकशी किंकाळी द्यावी, म्हणजे त्याचा हात आपोआप चालेल. कलावंताचं कर्तव्य असतं. मी तोंड उघडलं.

जी निघाली ती बारीक नव्हती. ती माझीसुद्धा नव्हती, म्हणजे ती फिलिपाने बसवलेली, मी आठ वर्षं घासूनपुसून ठेवलेली किंकाळी नव्हती. ते ऑपरेशनआधीचं होतं, उशी चावलेलं होतं, ओलिव्हच्या हातातल्या सपातेचं होतं. श्वास संपला तेव्हा मला वाटलं झालं. पण मी दुसरा श्वास घेतला आणि ते पुन्हा सुरू झालं. ओलिव्हने माझा दंड घट्ट धरला. वर डेकवर पक्षी उडाल्याचा आवाज झाला. मला थांबता येत नव्हतं, आणि भरल्या प्रयोगात, अनोळखी लोकांसमोर, मी लहान मुलासारखा रडत होतो.

कथबर्टने करवत खाली ठेवली. तुळईखाली वाकून तो माझ्याकडे आला आणि माझ्यासमोर वाळूत गुडघे टेकून बसला. कित्येक महिन्यांनी त्याने माझ्या डोळ्यांत बघितलं. मग माझ्या कपाळावर आपला तो भलामोठा हात ठेवला.

"झालं, गड्या," तो म्हणाला. त्याचा आवाज फाटला. "पाय गेला. तू राहिलास."

टाळ्या वाजवायच्या की नाही ते कुणाला कळेना. टेबलावरून डेरेकने मान वर केली आणि विचारलं, "मी उठू का?"

मी बाहीने नाक पुसलं.

"आठ वर्षं लागली तुला," मी कथबर्टला म्हणालो, "पण आज वाक्य नीट म्हणालास."